लारी

सत्तम्मा येमूलनं पदराची गाठ सोडली
आणि काउंटरवर ठेवली, केसांचा आकडा ठेवावा तशी:
बोटभर तार, मधोमध दुमडलेली,
दोन्ही पायांवर ठोकून चपटं केलेलं,
त्यात फारसीचे तुकडे. अर्धा अलिफ. एक नुक्ता.
पुढं ठसा तारेबाहेर गेलेला.

"ह्यानं विड्यांची तोंडं मुडपते की ओ मी.
सासू मुडपायची, तिची सासू पण.
काल कारखान्यातला चेकर म्हणला, जुनं नाणं आहे हे,
लाखाला जातं. जातं का ओ अण्णा?"

मधल्या मारुतीजवळ माझं घड्याळाचं दुकान.
घड्याळं आता कोण दुरुस्त करतंय.
डोळ्याला लावायचं भिंग तेवढं उरलंय
आणि माझ्या नजरेबद्दल बाजारात एक अफवा.

मी सांगितलं, ही लारी. विजापूरच्या आदिलशाहीतली,
दाभोळच्या धक्क्यावर चालायची.
नाणं गोल असावं असा तेव्हा कायदा नव्हता.
तिनं मान हलवली, जशी डॉक्टरसमोर हलवतात.

लोहचुंबक लावला, हलली नाही.
वजन केलं. पावणेपाच ग्रॅम हवं, भरलं चार.
पण तीन पिढ्या अंगठ्याखाली, तंबाखूत,
माणूस झिजतं, ही तर तार.
शहाबादी फरशीवर टाकली:
खणकली नाही, बद्द म्हणावी तर तसंही नाही.
सत्तम्मा माझ्या कानाकडे बघत होती.

भिंगाखाली बुडबुडे नव्हते.
दर जानेवारीत गड्ड्यावर येतात तसल्या मी पुष्कळ पाहिल्यात,
साच्यात ओतलेल्या, उकडलेल्या अंड्याजवळ ठेवून काळ्या केलेल्या,
सगळ्यांचा नुक्ता एकाच जागी.
हिच्यावर हातोडा पडलाय, खराखुरा,
धातू कडेला पळालाय, कड चिरलीय.
आजचा ठग इतका घाम गाळत नाही.

ओठांवर 'ख' आला होता.

तेवढ्यात दुमडीच्या पोटात दिसली
एक खाच. छिन्नीची. जुनी;
मळ बसून बसून तिचा दगड झालेला.
घड्याळाच्या सुईनं उकरला.
खाली लाल.
तांबं, वर चांदीचा पापुद्रा.

म्हणजे माझ्याआधी कुणीतरी बसला होता हिला घेऊन,
कुठल्या पेठेत, कुठल्या दिव्यापाशी, कोण जाणे.
त्यानंही वाजवली असणार,
त्यालाही बद्द म्हणता येईना,
मग छिन्नी लावली
आणि लाल बघून एक शिवी हासडली.
तरी फेकली नाही. रात्री, गर्दीत,
घाईतल्या कुणाच्या तरी तळहातावर सरकवली असेल.
खऱ्या होत्या त्या कधीच मुशीत गेल्या,
तोडे झाल्या, रुपये झाल्या.
हिला वितळवून काय मिळणार होतं?

"निजमा? अबद्धमा?" सत्तम्मा घरच्या भाषेत आली,
"एक काहीतरी सांगा की."

मी म्हणालो, खोटी आहे. पण आजची नाही,
त्याच राज्यातल्या कुणा चोरानं केलेली.
असलं गोळा करणारेही असतात.
लाख नाही, तीन-चार हजार देतील.

तिनं बोटांच्या पेरांवर हिशेब केला,
रुपयांचा नाही, विड्यांचा. ओठ हलत होते.
किती हजारांवर थांबली, सांगितलं नाही.
"आणि मग मुडपायला काय घेऊ?"

आकडा पुन्हा गाठीत गेला.
पायरीवर थांबून तिनं विचारलं,
"त्या चोराला धरलं असेल का ओ?"
मला काय माहीत. धरलं असेल, म्हणालो.
तिला ते आवडलेलं दिसलं नाही.

दुकान बंद करताना काटा पुसायला घेतला.
पारड्यात तंबाखूची भुकटी पडली होती,
खाचेतली असेल, किंवा तिच्या बोटांची.
म्हणजे चारसुद्धा भरलं नव्हतं.